वाट्यातून आलेलं राज्य

विसाव्या शतकाच्या आरंभी देवासची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा गावात राजे मात्र दोन. मुख्य रस्त्याची एक बाजू राजघराण्याच्या थोरल्या पातीची, म्हणजे शाखेची, दुसरी धाकट्या पातीची; दोन्हीकडचं पाणी वेगळं, दिवाबत्ती वेगळी. इंग्रज पाहुण्यांना याचं नवल वाटे. मराठी मुलखात मात्र यामागचा विचार कोणालाच परका नव्हता. राज्य हा भावाभावांत वाटून घेण्याचा हक्क आहे, असं तिथं सहज मानलं जाई.

माळव्यात आलेल्या पवारांसाठी, म्हणजे देवासच्या या राजघराण्यासाठी, हा हक्क म्हणजे आधी वसूल. थोरल्या बाजीरावांच्या स्वारीबरोबर १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी हे भाऊ आले आणि देवासला स्थिरावले. धारला त्यांचे भाऊबंद. चौथाई, सरदेशमुखी, सरंजाम यांचे वाटे पडत, त्यावर भांडणं होत, ती मिटतही. पण या वाट्यामागे चाकरी होती. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले, ते या चाकरीतच. राजाचं मोठेपण रणांगणावर जोखलं जाण्याचा तो काळ होता.

१८१८ मध्ये देवासच्या पवारांनी इंग्रजांशी तह केला आणि मोहिमांचे दिवस संपले. गादीला संरक्षण मिळालं, आणि आजवर बदलत आलेली वाटणी कायमची होऊन बसली. १८४१ पासून दोन्ही पात्यांचा कारभारही स्वतंत्र झाला. या सुरक्षिततेची खरी किंमत धारला कळली. १८५७ मध्ये तिथला किल्ला बंडवाल्यांच्या हाती गेला, इंग्रज फौजेनं वेढा घालून तो ऑक्टोबरअखेर घेतला आणि संस्थानच जप्त झालं. १८६० मध्ये ते अल्पवयीन आनंदरावांना परत मिळालं. बैरसिया परगणा मात्र भोपाळच्या बेगमांकडे गेला. देणारा आणि काढून घेणारा कोण, याबद्दल आता शंका उरली नाही. साम्राज्यानं राजांना शत्रूपासून वाचवलं खरं, पण रयतेला जाब देण्याची गरजही त्यांच्यापुरती संपवली. पुढचं बरंचसं नुकसान याच पोटी झालं.

मग राजानं करायचं तरी काय? १९०८ मध्ये थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई झाले, आणि या प्रश्नाची दोन उत्तरं एका नात्यात आली. शाहूंनी वेदोक्ताचा, म्हणजे वैदिक मंत्रांचा अधिकार नाकारला गेल्याचा, अपमान सोसून १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखल्या, १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. तुकोजीरावांचा ओढा कृष्णभक्तीकडे. १९२१ मध्ये त्यांच्याकडे खासगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टरनं देवासची गोकुळाष्टमी पाहिली. तो गजर, ती धांदल त्याच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’च्या शेवटच्या भागात उतरली. त्या उत्सवात राजा देवापुढे स्वतःचं राजेपण विसरून नाचे. ही भक्ती खरी होती, तिची थट्टा करणं अन्यायाचं होईल. पण संस्थान कर्जात बुडालं, तुकोजीराव फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथंच वारले. भक्तीनं राजाला नम्र केलं. रयतेच्या हाती तिनं काही दिलं नाही. शाहूंच्या हुकुमांनी दिलं, म्हणून त्यांचं उत्तर वजनदार.

तुकोजीरावांचे पुत्र विक्रमसिंह १९४७ मध्ये शहाजी या नावानं कोल्हापूरच्या गादीवर बसले. १९४८ मध्ये धार आणि दोन्ही देवास मध्य भारतात विलीन झाली, १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात. राज्य भावांचं राहिलं नाही, कागदावर ते मतदारांचं झालं. थोरल्या पातीचेच एक तुकोजीराव १९९० पासून देवासचे आमदार होते. २०१५ मध्ये ते गेल्यावर पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. मत मागायला दारी यावं लागणं हा मोठा बदल आहे. मात्र मत देताना देवासकर कारभार पाहतो की घराणं, हा प्रश्न तिथल्या निवडणुकीत अजून विचारावा लागतो.