हृदयरोग्याचे नित्यकर्म

सारा मराठवाडा ज्याला ‘घाटी’ म्हणून ओळखतो त्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, किंवा शहरातल्या कोणत्याही मोठ्या इस्पितळात, हृदयविकाराच्या विभागाबाहेर घटकाभर उभे राहिले, तर नुकताच सुधारून घरी गेलेला आणि आता पायांवर सूज घेऊन धापा टाकीत परतलेला एखादा रुग्ण हटकून दृष्टीस पडतो. ‘गोळ्या चालू आहेत ना?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर तयार असते : ‘बरं वाटलं म्हणून बंद केल्या.’ प्लास्टिकच्या पिशवीतून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे बाहेर येतात. लघवीची गोळी तर वैजापूरहून एस.टी.ने यायचे, वाटेत उतरायचे कुठे, म्हणून त्या दिवशी मुद्दामच टाळलेली असते.

या माणसाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. सोळा सोमवार त्याने बिनचूक केलेले असतात, एकादशी कधी मोडलेली नसते. मग उपवासाला पुरणारा निग्रह गोळीपाशीच का ढळतो? माझ्या मते याचे उत्तर मीमांसकांनी केलेल्या कर्मभेदात सापडते. काम्य कर्म फलासाठी करावयाचे. फल पदरात पडले की उद्यापन करून मोकळे व्हावे. नित्यकर्माला उद्यापन नाही; संध्यावंदनाने विशेष काही लाभत नाही, परंतु ते चुकल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो, असे मानणारा एक पक्ष आहे. छातीतली कळ थांबविणारे औषध काम्य. पण स्टेंट बसविल्यावर घ्यावयाच्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, तसेच कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन, ही नित्यकर्मे होत. ती घेतल्याने आज काही जाणवत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मुदतीपूर्वी सोडल्या, तर मात्र स्टेंटमध्येच गुठळी होऊन प्राणांवर बेतते. रुग्ण नित्याला काम्य समजतो आणि बरे वाटताच मनातल्या मनात उद्यापन उरकून टाकतो.

‘आयुष्याची दोरी तुटायची तेव्हा तुटणारच’ हा युक्तिवाद धार्मिक वाटतो खरा. पण चरकसंहितेच्या विमानस्थानात तो केव्हाच निकालात काढलेला आहे. आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे मानवी प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून आहे. ते सर्वांचेच पूर्वनियत असते, तर औषधे आणि शांतिकर्मे व्यर्थ ठरली असती, असा तेथील विचार आहे. त्याच ग्रंथाने उत्तम रुग्णाच्या चार गुणांत स्मृतीबरोबर निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याची सूचना पाळणे, हाही गुण गणला आहे. इस्लामनेही आजाऱ्याला रमजानच्या रोज्यातून सवलत दिली आहे; तेव्हा धर्माच्या नावावर गोळी चुकविण्याला आधार उरत नाही.

१९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीचा वृत्तान्त येथे सांगण्याजोगा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांपैकी काहींना औषधाचा अंशही नसलेल्या कुप्या दिल्या होत्या. त्या नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, हयगय करणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के! भाविकाला येथे निष्ठेचा चमत्कार दिसेल. मला तो मोह आवरावासा वाटतो; कारण गोळीचा नेम पाळणारा मनुष्य बहुधा मीठ, तंबाखू आणि निद्रा यांतही नेमस्त असतो, शिवाय मुळातच अधिक धडधाकट असण्याचाही संभव आहे. गोळी पोकळ होती, नेम पोकळ नव्हता, एवढेच त्यातून मी घेतो.

मात्र ज्याची गोळी पैशापायी चुकते, त्याच्या माथी प्रत्यवाय मारण्याचा अधिकार कोणाला नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टीचा खर्च निभतो. पुढे वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्यांची तजवीज पुष्कळदा घरालाच करावी लागते, आणि जेथे औषधखिडकीवर एका दिवसाची मजुरी बुडते, तेथे कसूर रुग्णाची नसून व्यवस्थेची आहे.

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास संत एकनाथांच्या दर्शनाला अपार समुदाय लोटतो. गळ्यात माळ घातली की नित्यनेम जन्माचा, हे त्या समुदायाला कोणी शिकवावे लागत नाही. तेथील कीर्तनकारांना, आणि शहरातल्या मशिदींत शुक्रवारचा खुतबा देणाऱ्या इमामसाहेबांनाही, माझी विनंती आहे की, हृदयाची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये आणि पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी दुसरे आणावे, एवढे त्यांनी एकदा आपल्या तोंडून सांगावे.