छावणीबाहेर जाणारा याजक
(वाचावे : लेवीय 14:1-9)

ह्या अध्यायात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या मनुष्याविषयीचा नियम आहे. तो आपण होऊन छावणीत शिरत नाही. याजक छावणीबाहेर त्याच्याकडे जातो व त्यास तपासतो. शुद्ध ठरल्यावर तो आत येतो; तरी सात दिवस आपल्या डेऱ्याबाहेर राहतो. ह्यात अपमान कोठे आहे? ती तपासणी त्यास बाहेर ठेवण्याकरिता नव्हे, तर आत आणण्याकरिता होती.

आपल्या गावांतील पुष्कळ तरुण पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत जातात. कोणी प्रेसवर, कोणी क्रेनवर, कोणी मालमोटारीवर. तेथे एकाच्या चुकीने दुसऱ्याचा हात जातो. रात्रीची दारू सकाळी उतरली असे त्यांस वाटते. परंतु यकृत ती हळूहळूच नाहीशी करते, आणि गार पाण्याने वा कडक चहाने तो वेग वाढत नाही. म्हणून पहिल्या पाळीस निघालेला मनुष्य आपणांस शुद्धीवर दिसला, तरी यंत्रापुढे तो शुद्धीवर असेलच असे नाही.

ह्यास्तव आगगाडीच्या चालकास कामावर रुजू होताना श्वासाची तपासणी द्यावी लागते. विमानचालक व विमानवाहतूक नियंत्रक ह्यांची 31 जानेवारी 2022 पासून मादक पदार्थांसाठीही अचानक तपासणी होऊ लागली. तेथे प्रथम दोषी आढळणाऱ्यास व्यसनमुक्तीच्या उपचारास पाठवितात, आणि तो निर्दोष ठरल्यावर पुनः कामावर घेतात. पाहा, दार बंद झाले नाही. दारावर पहारेकरी मात्र बसला.

पुण्यात येरवडा येथे डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट ह्यांनी 1986 साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले. तेथील उपचार पाच आठवड्यांचा; परंतु घरी गेल्यावरही रुग्णाने पाठपुराव्यास येत राहावे असा तेथील आग्रह आहे. कारण व्यसन सुटणे हे एका दिवसाचे काम, आणि सुटलेले राहणे हे रोजचे काम होय.

तर मंडळीने काय करावे? पती दारूने पडला असता "ताप आला आहे" असा निरोप मुकादमाकडे धाडणे ही दया नव्हे. त्या खोट्यावर दुसऱ्याच्या लेकराचा जीव टांगलेला असतो. फार दिवस पिणाऱ्याने वैद्यास न विचारता एकाएकी सोडू नये; त्यात झटके येण्याचे भय असते. जो उपचार घेऊन परतला, त्याने काही काळ यंत्रापासून दूर हलके काम पत्करावे, आणि मंडळीने त्यास दारुडा म्हणून हिणवू नये. उपदेशकांनो, पाठपुराव्याच्या दिवशी त्याच्याबरोबर एस.टी.त बसा. याजक छावणीबाहेर चालत गेला होता, तुम्हीही जा.

ज्या प्रभूने कुष्ठरोग्यास स्पर्श केला, तो आपणांस सत्य बोलण्याचे धैर्य व पडलेल्यास उठविण्याची प्रीती देवो. आमेन.