अजून ८३ दिवस

गेल्या रविवारी आईने फोनवर विचारलं, "किती राहिले रे?"
मी म्हणालो, "८३च."
ती म्हणाली, "अगं बाई, अजून ८३?"

मी म्युनिकमध्ये, ती लोणंदला स्वयंपाकघरात, कालनिर्णयसमोर. आकडा एकच. मी त्याला 'च' लावला, तिने 'अजून'.

पाच वर्षं इथे सॉफ्टवेअरची नोकरी केली, आता कायमचा परत निघालोय. ठरलं त्याच रात्री एक्सेल शीट केली: 'राहून गेलेलं'. ३१ ओळी. झुगश्पित्से, साल्झबुर्ग, प्राग, ऑपेरा. डेडलाइन दिसली की स्प्रिंट आखायची, ही आमची सवयच. सहा ओळी हिरव्या झाल्यात. प्रागच्या पुलावर उभा असताना मी परतीच्या गाडीची वेळ बघत होतो, हे लिहायला मात्र शीटमध्ये रकाना नव्हता.

उरलेल्या वेळाचं सोनं करायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि आई जे दिवस मोजून मोजून संपवतेय, ते लांबावेत असं मला वाटणं हा कृतघ्नपणा आहे का?

परदेशातला मोजका वेळ म्हटलं की मला डॉ. आंबेडकर आठवतात. आमच्याच जिल्ह्यात, साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. त्यांच्याशी तुलना करायची माझी लायकी नाही. पण एवढं दिसतं की पेट्या समुद्रात गेल्या तरी वाचलेलं त्यांच्याबरोबर घरी आलं. माझा फोन उद्या हरवला, तर प्रागमधलं माझ्याकडे काय उरेल?

दुसरी आठवण घरची. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा स्नानानंतर आमच्याकडे मुक्कामाला येते. मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. लहानपणी आमच्या अंगणात काही वारकरी उतरायचे. त्यातल्या एका आजींनी मला सहामाहीचे मार्क विचारले होते आणि पुढच्या वर्षी येऊन, "गणित सुधारलं का रे?" असंही विचारलं. सकाळी निघायचं होतं, डोळे पंढरपूरकडे होते, तरी रात्री त्या पूर्ण आमच्या अंगणात होत्या. मुक्काम आवडला म्हणून त्यांचं पंढरपूर कमी झालं नाही. म्हणजे मला इथे रेंगाळावंसं वाटतं, यात आईचा अपमान नाही. चूक असलीच तर ती इथे असूनही इथे नसण्यात आहे.

आणि ही चूक जुनी आहे. वर्षातून तीन आठवडे लोणंदला यायचो तेव्हाही यादी असायची: बँक, दातांचा डॉक्टर, चार लग्नं, महाबळेश्वर. आईच्या वाट्याला रात्रीचं जेवण यायचं, तेही माझा फोन ताटाशेजारी ठेवून. आई आता ६१ वर्षांची आहे. घरी गेल्यावरही दिवस मोजकेच असणार, फक्त आकडा कुणी सांगणार नाही. इथे जमलं नाही, तर तिथे आपोआप जमेल असं मानायला माझ्याकडे काही कारण नाही.

शीटमधल्या बावीस ओळी काल खोडल्या. समुद्र ठेवला, ऑपेरा ठेवला. एक ओळ नवीन घातली: दुसऱ्या मजल्यावरच्या आजी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात कोणता कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, हे त्यांनी हातवारे करून शिकवलं होतं. पाच वर्षं जिन्यात नुसतं 'ग्र्युस गॉट' म्हणत आलो.

आज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. माझं जर्मन अडखळत होतं. त्यांनी विचारलं, "तुझी आई काय करते?"

मी म्हणालो, "दिवस मोजते."

त्या हसल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्यांचा मुलगा हॅम्बुर्गला असतो.