इसहाकाच्या विहिरी

उत्पत्तीच्या २६ व्या अध्यायातील इसहाकाची हकीकत आठवा. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली व तिला जिवंत पाणी लागले. तोच तेथील गुराखी पाण्यावर हक्क सांगू लागले. कष्ट इसहाकाच्या माणसांचे, तरी त्याने ती विहीर सोडली. दुसरीवरूनही तंटा झाला, तीही सोडली. तिसरीवरून मात्र कोणी भांडले नाही. पुढे ज्या अबीमलेखाने त्यास घालवून दिले होते, तोच सलोख्यासाठी आला. इसहाकाने मनातील दुःख त्यास स्पष्ट सांगितले, आणि मग त्यास जेवू घातले. शपथ होऊन पाहुणे शांतीने गेले, त्याच दिवशी नव्या विहिरीस पाणी लागल्याचे वर्तमान आले.

मंडळीच्या सभेत आपलेच म्हणणे खरे ठरले, पण त्यापायी एक भाऊ प्रभुभोजनास येईनासा झाला, तर आपण काय मिळविले? दुर्बळावर अन्याय होत असता गप्प बसणे हा सलोखा नव्हे. परंतु केवळ आपला शब्द वर राहावा म्हणून चालविलेला वाद आपण सोडून द्यावा. येत्या प्रभुवारापूर्वी त्या भावाच्या दारी आपणच आधी जाऊ या.