नकाशावरचा ठिपका

परगावी जावयाचे झाले म्हणजे वाटेत कोणास तरी थांबवून वाट पुसावी, त्याने ‘पुढे वड लागेल, तेथून डाव्या हाताला वळा’ असे सांगावे, आणि सांगता सांगता ‘कोणाकडे निघालात?’ असेही विचारावे, हा परिपाठ आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या प्रश्नात केवळ चौकसपणा होता असे नाही. वाट सांगणारा मनुष्य विचारणाऱ्यास न्याहाळून घेत असे. पाहुणा असला तर त्यास दारापर्यंत पोहोचवीत असे, आणि मनुष्य ठीक वाटला नाही तर ‘ठाऊक नाही बुवा’ म्हणून मोकळा होत असे. आता हे काम आपल्या खिशातील मोबाइल करतो. तो न थकता, न रागावता वाटेल त्यास वाट सांगतो. पण ‘कोणाकडे निघालात?’ असे मात्र तो विचारीत नाही. मग तो प्रश्न यापुढे कोणी विचारावयाचा, ही गोष्ट आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाची आहे.

नकाशे पूर्वीही होते. परंतु ते सरकारने काढावयाचे, छापखान्याने छापावयाचे आणि आपण शाळेच्या भिंतीवर पाहावयाचे, अशी व्यवस्था होती. आपल्या देशात सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते १७६७ साली स्थापन झाले. १८०२ साली विल्यम लॅम्टन यांनी मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी पुढे कित्येक दशके चालली. त्या प्रचंड उद्योगात सामान्य माणसाचा वाटा ओझी वाहण्यापलीकडे क्वचितच गेला. ही स्थिती आता पालटली आहे. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडात ‘ओपनस्ट्रीटमॅप’ नावाचा नकाशा सुरू केला. त्यात कोणीही आपल्या गल्लीची रेघ काढावी, कोणीही ती दुरुस्त करावी, असा प्रघात आहे. २००५ साली गूगल कंपनीचा ऑनलाइन नकाशा निघाला. त्यावरही आज कोणासही दुकान, देऊळ वा धबधबा दाखविता येतो, त्याचे छायाचित्र लाविता येते आणि बरावाईट अभिप्राय देता येतो. सारांश, नकाशाचा वाचक होता तो नकाशाचा लेखक झाला. आणि हाती लेखणी आली की लेखकाचा विवेकही अंगी यावा लागतो.

नकाशावर काढलेला एक ठिपका किती मोठे कार्य करू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तेथील सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली. ही व्याधी दूषित हवेने पसरते, असा त्या काळी बहुतेकांचा समज होता. डॉक्टर जॉन स्नो यांचे मत मात्र ती पाण्यातून पसरते असे होते. त्यांनी घरोघर चौकशी केली, ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी कोण पीत होते ते पाहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून सप्टेंबरच्या आठव्या तारखेस त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे त्यांनी जो नकाशा सिद्ध केला, त्यात ज्या ज्या घरी मृत्यू झाला तेथे तेथे एकेक आडवी रेघ ओढली. त्या काळ्या रेघांची दाटी पंपाभोवती कशी झाली आहे, हे कोणाही डोळस मनुष्यास दिसावे. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, नकाशा शोधासाठी नव्हता. आधी लागलेला शोध इतरांस पटविण्यासाठी होता. दुसरी ही की, त्या रेघांवर कोणाचेही नाव नव्हते. स्नो यांनी बोट दाखविले ते पंपाकडे. दुःखात बुडालेल्या घरांकडे नव्हे.

आता अलीकडची उदाहरणे घेऊ. केन्या देशाची राजधानी नैरोबी येथे किबेरा नावाची अफाट झोपडपट्टी आहे. लाखो जीवांची ही वस्ती नकाशात मात्र रिकामी जागा म्हणून दिसत असे. जी वस्ती नकाशात नाही, तिच्यासाठी नळ मागावा तर कोठे? दवाखाना मागावा तर कोणाच्या नावाने? २००९ साली त्या वस्तीतीलच काही तरुणांनी हाती यंत्रे घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, आणि पाण्याच्या जागा, शौचकूप, शाळा, दवाखाने हे सर्व ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदविले. ‘आम्ही येथे आहो’ एवढेच त्या नकाशाचे म्हणणे होते; पण ते म्हणण्यासही केवढे धैर्य व श्रम लागले! त्यानंतर थोड्याच काळाने, १२ जानेवारी २०१० रोजी, हैती देशात भूकंप होऊन पोर्ट-ओ-प्रिन्स हे शहर उद्ध्वस्त झाले. तेव्हा ज्यांनी तो देश कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशा दूरदूरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्या शहराचे रस्ते रेखाटले, आणि मदतीस गेलेल्या पथकांनी त्या रेघांवरून वाट काढली. घरबसल्या परोपकार करण्याची अशी सोय पूर्वीच्या पिढ्यांस खचितच नव्हती.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बऱ्हाणपूर लागते. १९८६ साली खांडव्याचा सरू नावाचा पाच वर्षांचा मुलगा थोरल्या भावाबरोबर या स्टेशनावर आला, तेथे झोपी गेला, आणि जाग आल्यावर गाडीत चढून थेट कलकत्त्यास पोहोचला. गावाचे नाव त्यास नीट सांगता येईना. पुढे ऑस्ट्रेलियातील ब्रायर्ली दांपत्याने त्यास दत्तक घेतले. मोठेपणी त्याने गूगल अर्थ या नकाशावर कलकत्त्यापासून निघणारे लोहमार्ग एकामागून एक धुंडाळले. मनात उरले होते ते एवढेच, स्टेशनाजवळची पाण्याची टाकी आणि रुळांवरचा पूल. २०११ साली ती खूण त्यास बऱ्हाणपुरास सापडली, तेथून तो खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीपर्यंत नकाशावरच चालत गेला, आणि २०१२ साली त्याची व जन्मदात्या आईची भेट झाली. पंचवीस वर्षे त्या माउलीने मुलाची आशा सोडली नव्हती, आणि ती वस्तीही सोडली नव्हती. ही हकिकत वाचून ज्याचे डोळे पाणावणार नाहीत असा मनुष्य विरळा.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग प्रश्नच कोठे उरला? जितके अधिक दाखवाल तितके अधिक कल्याण! आमचेही पुष्कळ दिवस असेच मत होते. परंतु दाखविण्याची दुसरीही बाजू आहे. २०१७च्या अखेरीस ‘स्ट्राव्हा’ या कंपनीने, तिचे अ‍ॅप वापरून धावणाऱ्या-चालणाऱ्या लोकांच्या मार्गांचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. हेतू निरुपद्रवी होता. पण जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की, ओसाड मुलखात चमकणाऱ्या त्या रेषा म्हणजे व्यायामास निघालेल्या सैनिकांची पावले होत, आणि त्यांवरून लष्करी तळ ओळखू येत होते. २०२०च्या मार्चात करोनाच्या साथीत बंगळुरास, परदेशाहून येऊन घरी विलग राहिलेल्या माणसांचे पत्ते सरकारी यादीने जाहीर झाले, आणि त्या पत्त्यांचे ठिपके नकाशांवर उमटण्यास वेळ लागला नाही. स्नो यांच्याही नकाशात साथच होती आणि घरेच होती. पण त्यांच्या रेघेने पंपाचा दोष उघड केला; या ठिपक्याने दारामागच्या माणसास शेजाऱ्यांच्या भयापुढे उघडे टाकले.

आणि या बाबतीत दुसऱ्यांकडे बोट दाखवून आमची सुटका होण्यासारखी नाही. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका लहान गावी आमचे जाणे झाले होते. गावाबाहेर एक देवराई असल्याचे कानी आल्यावरून आम्ही एका वृद्ध गृहस्थांस वाट विचारली. कोणाकडे उतरलो आहो, कोठले, काय करतो, हे सर्व विचारून झाल्यावर ते स्वतः काठी टेकीत आमच्याबरोबर आले. त्या राईत सूर्यप्रकाशही अंग चोरून येत होता. मध्ये एक बारमाही झरा होता. येथील वाळकी काटकीदेखील कोणी घरी नेत नाही, असे त्यांनी सांगितले. निघताना एवढेच म्हणाले, ‘‘आलात, बरे झाले, पण चारचौघांत फार सांगू नका.’’ आम्ही मान डोलाविली. आणि त्याच रात्री, सौंदर्याची वार्ता सर्वांस कळावी अशा उदार बुद्धीने, नकाशावर त्या जागी ठिपका ठेवून दिला, छायाचित्रे लाविली, वर चार ओळींची स्तुतीही लिहिली. दोन वर्षांनी पुन्हा गेलो, तो झऱ्यात बाटल्या तरंगत होत्या, एका जुन्या झाडाच्या बुंध्यावर नावे कोरलेली होती, आणि पाराजवळ चूल पेटविल्याची राख होती. वृद्ध गृहस्थ भेटले. ते रागे भरले नाहीत. ‘‘या खेपेस वाट विचारावी लागली नसेल,’’ एवढेच ते बोलले. आम्ही तो ठिपका काढून टाकला. पण पाहून गेलेल्या लोकांच्या स्मरणातून तो कोण काढणार?

या प्रसंगावर विचार करता आम्हांस असे वाटू लागले की, पाहणे आणि दाखविणे या दोन क्रिया आपण एकच समजतो, ही आपली चूक आहे. उपग्रह त्या राईवरून आधीही जात होता आणि तिचा हिरवा डाग त्याच्या छायाचित्रात आधीही होता. त्या डागाने काही बिघडले नाही. बिघडले ते आमच्या ठिपक्याने. कारण आमचा ठिपका म्हणजे आमंत्रण होते, आणि ज्या घरचे आमंत्रण आम्ही दिले ते घर आमचे नव्हते. सरूने पृथ्वीचे चित्र पाहिले आणि त्यात स्वतःचे घर शोधिले. किबेराच्या तरुणांनी स्वतःची वस्ती जगास दाखविली. आम्ही मात्र दुसऱ्याची ठेव दुसऱ्यांस दाखविली. हाताची कृती तीच, नैतिक अर्थ मात्र भिन्न.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. कोणी म्हणेल की, ‘दाखवू नका’ हा उपदेश नेहमी बलवानांच्या पथ्यावर पडतो. ज्ञान मूठभरांनी दडवून ठेवावे आणि बाकीच्यांनी अंधारात चाचपडावे, हे या देशात थोडे का झाले? किबेरा नकाशात नव्हते ते कोणाच्या सभ्यपणामुळे नव्हे, तर उपेक्षेमुळे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि म्हणूनच आम्ही झाकण्याचा सरसकट पुरस्कार करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ठिपका ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःस विचारावे. या दाखविण्याचा लाभ कोणास, आणि त्याचा भार कोणावर? जेथे लाभ व भार एकाच माणसाचे आहेत, तेथे त्याचा निर्णय त्याने करावा. किबेराने तो केला. जेथे दोष सत्तेचा वा व्यवस्थेचा आहे, म्हणजे पंप दूषित आहे, रस्ता खचला आहे, नाला बुजविला आहे, तेथे निर्भयपणे दाखवावे. अशा वेळी झाकणे हाच अपराध. पण जेथे कौतुक आपले आणि उपद्रव दुसऱ्याचा, तेथे आधी त्या दुसऱ्यास विचारावे. आणि तो दुसरा मुका असेल, म्हणजे झाड, पक्षी वा झरा असेल, तर त्याच्या वतीने थोडा संकोच आपणच धरावा.

हा संकोच शास्त्रासही अमान्य नाही. ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर जगभरचे निसर्गप्रेमी आपल्याला दिसलेले प्राणी व वनस्पती नकाशावर नोंदवितात. मात्र एखादी जाती संकटात असली, तर तिची नेमकी जागा तेथे सर्वांस दाखवीत नाहीत. वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात ती कोठे तरी आहे, एवढेच कळू देतात. अभ्यासकाचे काम होते आणि चोरट्या शिकाऱ्यास वाट सापडत नाही. त्या कोकणातील वृद्ध गृहस्थांची रीत याहून फार निराळी होती काय? त्यांनीही राई आहे हे नाकारिले नाही, ‘कोणाकडे निघालात?’ हे आधी विचारिले, इतकेच.

हा विषय आमच्या वाचकांच्या घरात अगदी उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. सुटीत पाहिलेला धबधबा, किल्ल्यावरील अज्ञात टाके, ओळखीच्या माणसाचे घर, रागाच्या भरात एखाद्या गरीब खानावळीवर लिहिलेला कडवट अभिप्राय, असे ठिपके आपण व आपली मुले रोज ठेवीत असतो. मुलांस अक्षर वळणदार काढावयास आपण शिकविले. आता ठिपका ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबावयासही शिकविले पाहिजे. मोबाइलने तो जुना प्रश्न विचारण्याचे सोडून दिले आहे. तेव्हा तो आपला आपणच विचारावा, हे उचित होय.