वारेपलीकडचा रुग्ण

गर्भवती स्त्रीच्या हातावर गोळी ठेवणारा वैद्य एकाच वेळीं दोन रुग्णांना औषध देत असतो. त्यांपैकीं एकीची संमति विचारतां येते; दुसऱ्याला अजून नांवही नसतें. नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयासारख्या ठिकाणीं एच. आय. व्ही.ची बाधा झालेली गर्भिणी येते, तेव्हां हा प्रश्न केवळ तात्त्विक राहात नाहीं.

माता व गर्भ यांच्या रक्तप्रवाहांमध्यें वार असते. आपण तिला तटबंदी समजतों; वस्तुतः तिची रीत जकातनाक्यासारखी आहे. हेपरिनसारखा अवजड रेणु ती अडविते, कांहीं औषधें आईकडे परत लोटते. परंतु झिडोव्ह्यूडिन, नेव्हिरॅपिन यांचे लहान रेणु सहज पलीकडे जातात. १९६१ सालीं थॅलिडोमाइडचा अनर्थ उघडकीस आल्यापासून असें पलीकडे जाणें म्हणजे संकट, अशी आपली समजूत झाली. तथापि १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत माता व नवजात अर्भक या दोघांना झिडोव्ह्यूडिन दिल्यानें मुलांस होणाऱ्या बाधेचें प्रमाण शेंकडा २५.५ वरून ८.३ वर आलें. जें भयाचें कारण, तेंच येथें रक्षणास साह्यभूत झालें.

मग आक्षेप कशास? पुढें आपल्याकडे बरींच वर्षें प्रसूतिसमयीं नेव्हिरॅपिनची एकच मात्रा देत. त्यामुळें पुष्कळ मुलें वांचलीं. पण आईच्या रोगावर तो इलाज नव्हता, उलट तिच्या शरीरांतील विषाणु त्या औषधास दाद देईनासा होण्याचा धोका होता. मुलापर्यंत पोहोंचण्याची वाट, एवढेंच तिला मोल उरलें. २०१८ सालीं उलटें घडलें. बोट्स्वानांत गर्भधारणेच्या वेळीं डोल्युटेग्राव्हिर घेत असलेल्या स्त्रियांच्या ४२६ प्रसूतींत ४ मुलांच्या मज्जानलिकेंत दोष आढळला. आणि अद्याप गर्भही न राहिलेल्या स्त्रियांना या उत्तम औषधापासून दूर ठेवण्याची भाषा सुरू झाली. नोंदी वाढल्या तशी ती शंका ओसरली, व २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें सर्वांसाठीं मान्य केलें.

दोन्ही प्रसंगीं हिशेब मुलाचा झाला. आईचा कोणी मांडला नाहीं. औषध न देणें म्हणजे कांहींच न करणें, असें मानून आपण निर्धास्त होतों. परंतु त्या न देण्याचा परिणामही वार ओलांडतोच. भारतांत २०१४ पासून अशा गर्भिणीस आजन्म उपचार देण्याचें धोरण आलें, तें मला याचसाठीं मोलाचें वाटतें. तरी धोरणानें वैद्याचें काम संपत नाहीं. लाभ किती, धोका किती, हें तिच्या भाषेंत तिला सांगावें, आणि "बाळासाठीं घ्या" म्हणण्यापूर्वीं "बाई, तुमच्यासाठीं घ्या" एवढें म्हणावें.