भेदरलेल्या जिवाला घर



मार खाऊन भेदरलेला, टाकून दिलेला कुत्रा घरी आणणे हे दयेचे काम आहे. पण दया म्हणजे क्षणाचा कळवळा नव्हे. असा कुत्रा उचललेल्या हाताला भितो, फटाक्यांनी थरथरतो, भीतीपोटी चावतोही. त्याचा विश्वास बसायला महिने लागतात. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करा, असे प्रभू येशू सांगतो (लूक १४:२८). घरात लहान मुले असतील, अनुभव नसेल, तर थांबावे. आणून पुन्हा सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय तो विश्वासघातही आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी मात्र मागे राहू नये. त्याला ओढू नका. जवळ शांत बसा, तो आपणहून येईल. परमेश्वरही आपली अशीच वाट पाहतो.